परक्या बॉनेटखालचं इंजिन

कोल्हापूरकराला ‘गुजरी’ म्हटलं की सराफांच्या पेढ्या आठवतात. बंगळूरच्या शिवाजीनगरात त्याच शब्दाला दुसरा वास येतो, ग्रीसचा आणि गंजाचा. इथली गुजरी म्हणजे उतरवलेल्या, मोडलेल्या, पुन्हा विकायला काढलेल्या वस्तूंचा बाजार. गल्लीच्या दोन्ही अंगांना गाड्यांचे अवयव रचून ठेवलेले असतात. कुणाचा दरवाजा, कुणाचा गिअरबॉक्स, तर कुण्या अपघाती गाडीचा एकुलता एक शाबूत हेडलाइट. एका गाडीचं इंजिन दुसऱ्या गाडीत बसतं का, असा प्रश्न इथल्या मिस्त्रीला अडाणीपणाचा वाटतो. बसतं की! फक्त माउंटिंग बदलायचं, रेडिएटर मोठा घ्यायचा, वायरिंग नव्यानं ओढायचं, गिअरबॉक्स जुळतो का ते पाहायचं. एवढं करायला वेळ दिला तर गाडी धावते. ‘उद्या सकाळीच पाहिजे’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाची गाडी पहिल्या चढाला धापा टाकते.

संगणकावरच्या खेळांच्या जगात हाच धंदा गेली तीस वर्षं चालू आहे, आणि योगायोग असा की खेळाच्या गाभ्यातल्या प्रोग्रामलाही तिथे ‘इंजिन’च म्हणतात. पीसीवर जन्मलेला बंदूकबाजीचा खेळ उचलायचा आणि टीव्हीला जोडायच्या कन्सोलमध्ये उतरवायचा, या कामाचं नाव पोर्ट. बंगळूरला समुद्र नाही, बंदर नाही; पोर्टच्या धंद्याशी मात्र या शहराचा जुना संबंध आहे. आणि या धंद्याचा इतिहास बराचसा अपेक्षाभंगाचा आहे. पीसीवर लोण्यासारखा सरकणारा खेळ कन्सोलवर आला की अडकतो, चित्र धूसर होतं, नेम धरावा तर शत्रू भलतीकडेच गेलेला असतो. खेळणारे यंत्राला शिव्या देतात. गुन्हेगार बहुतेक वेळा यंत्र नसतं, कॅलेंडर असतं.

शिवाजीनगर स्वतःही उचलून आणलेल्या वस्तीतूनच वाढलं. श्रीरंगपट्टणमची हवा सैनिकांना मानवेना, हिवतापाने माणसं जाऊ लागली, म्हणून इंग्रजांनी १८०९ साली छावणी बंगळुरात हलवली. लष्करामागून शिंपी, खाटीक, व्यापारी, कंत्राटदार आले आणि त्यांच्या वस्तीला ब्लॅकपल्ली नाव पडलं. १९२७ मध्ये रसेल मार्केटची इमारत उभी राहिली. १९४७ साली छावणीचा कारभार म्हैसूर संस्थानाकडे परत आला, १९४९ मध्ये शहर आणि छावणी मिळून एक महापालिका झाली, आणि ब्लॅकपल्लीला पुढे छत्रपतींचं नाव मिळालं. मराठी पाहुणा इथे आला की शहाजीराजांचा संबंध शोधू लागतो. राजांची जहागीर १६३८ नंतरची, किल्ल्याच्या आणि पेठेच्या अंगाची. छावणी तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती.

याच छावणी भागात, शिवाजीनगरपासून फार लांब नसलेल्या ब्रिगेड रोडवर, ११ जुलै १९९६ रोजी कॅफे कॉफी डेचं पहिलं दुकान उघडलं. आज तिथली कॉफी लक्षात राहिली आहे, पण ते सुरू झालं सायबर कॅफे म्हणून. त्याच्या एकोणीस दिवस आधी, २२ जून १९९६ ला, अमेरिकेत टेक्ससमधल्या आयडी सॉफ्टवेअरने ‘क्वेक’ हा खेळ इंटरनेटवर सोडला होता. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण भारतातल्या एका पिढीच्या आयुष्यात त्या एकत्र आल्या. पुणे असो, मुंबई असो की बंगळूर, मध्यमवर्गीय पोरं बंदूकबाजीचे खेळ शिकली ती सायबर कॅफेत, तासावर पैसे मोजून, ‘काउंटर स्ट्राइक’ खेळत. कन्सोल ही श्रीमंत मावसभावाकडची वस्तू. प्लेस्टेशन ३ भारतात २००७ साली आलं ते ४० हजारांच्या घरातल्या किमतीला. तेवढ्यात पीसी यायचा आणि तो अभ्यासाला लागतो असं वडिलांना सांगता यायचं. पीसी आणि कन्सोल यांच्यातला फरक त्यामुळे इकडच्या पोरांना अगदी हाताला कळला. माउसवर तयार झालेला हात कन्सोलच्या काठीवर, म्हणजे जॉयस्टिकवर, गेला की लंगडा व्हायचा.

मूळ गोष्ट मात्र ‘क्वेक’च्याही आधीची. १० डिसेंबर १९९३ ला त्याच आयडी सॉफ्टवेअरने ‘डूम’ बाहेर काढला. त्याला लागायचा ३८६ जातीचा प्रोसेसर आणि ४ एमबी मेमरी. एका सेकंदाला जास्तीत जास्त ३५ चित्रं दाखवायची, एवढीच मर्यादा खेळाने स्वतःला घालून घेतली होती. खेळ इतका गाजला की प्रत्येक कन्सोल कंपनीला तो आपल्या यंत्रावर हवाच होता, आणि तोही येत्या नाताळच्या आत.

सेगाने आपल्या मेगा ड्राइव्ह कन्सोलवर चढवायचं ३२एक्स नावाचं जोडयंत्र १९९४ च्या नोव्हेंबरात विकायला आणलं, त्याच्याबरोबर ‘डूम’ही. मूळ खेळातल्या २७ नकाशांपैकी यात फक्त १७ आले. चित्र पूर्ण पडद्यावर मावेना म्हणून भोवती चौकट. राक्षसांची पाठमोरी चित्रंच गाळली, त्यामुळे तुम्ही कुठूनही या, राक्षस सदैव तुमच्याकडे तोंड करून उभा. सगळ्यात गमतीची गोष्ट शेवटाला. चीट वापरून खेळ संपवला की पडद्यावर डॉसचा प्रॉम्प्ट यायचा, सी-ड्राइव्हची ती ओळखीची खूण. ज्या यंत्रात ना डॉस होतं ना सी-ड्राइव्ह, त्याच्यावर! विनोद बनवणाऱ्यांनीच पेरलेला होता, आणि अर्धवट खेळाच्या शेवटी तो जरा जास्तच बोचरा वाटतो.

सुपर निन्टेन्डोचं प्रकरण आणखी टोकाचं. या कन्सोलची मुख्य मेमरी १२८ केबी, म्हणजे ‘डूम’ला लागणाऱ्या मेमरीच्या बत्तिसाव्या हिश्शाइतकी. रँडी लिंडन नावाच्या प्रोग्रामरने तरी डोक्यात घेतलं. त्याने सुरुवात केली तेव्हा आयडीचा मूळ कोड त्याच्याजवळ नव्हता. खेळाच्या फायलींची रचना तेवढी माहीत झालेली होती. तिच्यावरून त्याने इंजिन स्वतः नव्याने लिहिलं. कन्सोलचा प्रोसेसर या कामाला अपुरा, म्हणून कार्ट्रिजच्या आतच सुपर एफएक्स २ ही जादा चिप बसवावी लागली. गाडीचं इंजिन पुरत नाही म्हणून ट्रॉलीला दुसरं इंजिन लावावं, तसला प्रकार. १९९५ मध्ये लालभडक कार्ट्रिज दुकानांत आली. जमिनीचं आणि छताचं पोत गेलेलं, सपाट रंगाचे पट्टे उरलेले. चित्र छोट्या खिडकीतून पाहिल्यासारखं. हालचाल जड, आणि पाच नकाशे गाळलेले. पीसीवर ‘डूम’ खेळलेल्यांनी नाकं मुरडली. लिंडनने केलेला पराक्रम किती अचाट होता, हे कळायला लोकांना पुढे वीसेक वर्षं लागली.

३डीओ या कन्सोलची कथा मात्र पराक्रमाची कमी आणि वैतागाची जास्त. आर्ट डेटा इंटरॅक्टिव्ह या कंपनीने ‘डूम’ या यंत्रावर आणण्याचे हक्क घेतले. कंपनीच्या मालकाची समजूत अशी की नव्या बंदुकीचं चित्र काढून दिलं की ती खेळात आपोआप चालू लागते. काम शेवटी रेबेका हाइनमन या अनुभवी प्रोग्रामरकडे आलं तेव्हा हातात होते दहा आठवडे. खेळाचं संगीत त्या यंत्रावर वाजवायला जो प्रोग्राम लागतो तो लिहायलाही तिला वेळ नव्हता. मग मालकाच्या बँडने सगळी गाणी पुन्हा वाजवून ध्वनिमुद्रित केली आणि ती तशीच तबकडीवर टाकली. १९९६ मध्ये खेळ आला. चित्राचा वेग इतका मंद की खेळण्यापुरता तरी चालावा म्हणून पडद्यावरची चौकट आक्रसून घ्यावी लागे. दर्दी लोक आजही ‘डूम’च्या सर्वांत वाईट पोर्टचं नाव विचारलं की ३डीओकडे बोट दाखवतात, आणि त्याच दमात म्हणतात की संगीत मात्र फक्कड आहे. हाइनमनने हा सगळा कोड पुढे जगाला खुला केला. ज्याला टीका करायची त्याने आधी दहा आठवड्यांचं ते वहीखातं वाचावं.

सेगा सॅटर्नवर १९९७ मध्ये आलेला ‘डूम’ अडखळला त्याचं कारण तर भलतंच. जिम बॅग्ली या प्रोग्रामरने सॅटर्नच्या चित्र काढणाऱ्या चिपांचा थेट वापर करून वेगवान नमुना बनवला होता. पण त्या पद्धतीत भिंतींचं पोत किंचित वाकडं दिसायचं. आयडीचा मुख्य प्रोग्रामर जॉन कारमॅक याला ते खपेना. त्याने ती पद्धत वापरायला मनाई केली. मग सगळा भार साध्या प्रोसेसरांवर पडला आणि खेळ रखडला. प्रयोग करू द्यायला हवा होता, असं कारमॅकने कित्येक वर्षांनी कबूल केलं. मूळ मालकाची शुद्धतेची हौस आणि उतरवणाऱ्याचा व्यवहार यांच्यातली ही रस्सीखेच नाटकाचं रूपांतर करणाऱ्या कुणालाही ओळखीची वाटेल.

याउलट त्याच सॅटर्नवर, त्याच १९९७ च्या डिसेंबरात, ‘क्वेक’ उतरला आणि जाणकार चकित झाले. कागदावर ते अशक्य होतं. ‘क्वेक’ हा ‘डूम’पेक्षा कितीतरी जड, खऱ्या अर्थाने त्रिमिती खेळ, सॅटर्नची मुख्य मेमरी २ एमबी. लोबोटॉमी सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने ‘क्वेक’चं इंजिन आणलंच नाही. ‘पॉवरस्लेव्ह’ या आपल्या आधीच्या खेळासाठी त्यांनी सॅटर्नवरच घडवलेलं स्वतःचं इंजिन घेतलं आणि ‘क्वेक’चे नकाशे त्यात हाताने पुन्हा बांधले. म्हणजे गाडीचा सांगाडा तोच ठेवला, वरची बॉडी नवी ठोकली. धंद्याचं गणित मात्र कारागिरीला भीक घालत नाही. सॅटर्नचा बाजार तोवर बसला होता आणि १९९८ मध्ये लोबोटॉमीही बंद पडली.

इथे हाताच्या प्रश्नाकडे जरा थांबायला हवं, कारण खेळ फक्त डोळ्यांना अडत नाही. माउसने नेम धरताना मनगट थेट लक्ष्यावर जातं. कन्सोलच्या काठीने लक्ष्यावर जाता येत नाही, लक्ष्याच्या दिशेने सरकण्याचा वेग तेवढा ठरवता येतो. त्यात चित्र सेकंदाला साठऐवजी वीस वेळाच बदलत असेल तर प्रत्येक चित्र ५० मिलिसेकंद शिळं असतं. साठ असतं तर १६.७. रणनीतीच्या किंवा कोड्यांच्या खेळात हा शिळेपणा चालून जातो. बंदूकबाजीत तो थेट जिवावर बेतणारा. म्हणून कन्सोलवर यशस्वी झालेले मोठे शूटर खेळ कन्सोलसाठीच घडवले गेले, नेम धरायला गुपचूप हात देणारे. १९९७ चा ‘गोल्डनआय’ तसा. ‘हेलो’ तर मुळात मॅक आणि पीसीसाठी दाखवला गेला होता. मायक्रोसॉफ्टने बंजी ही कंपनीच २००० साली विकत घेतली आणि खेळ एक्सबॉक्सच्या मापाने शिवला. पुढे २००३ मध्ये गिअरबॉक्स नावाच्या कंपनीने तो पीसीवर आणला तेव्हा चांगल्या चांगल्या पीसींना घाम फुटला. उलट्या दिशेने गेलं तरी माउंटिंग बदलावं लागतंच.

‘हाफ-लाइफ’च्या वाट्याला निराशेचा वेगळाच प्रकार आला. १९९८ चा हा खेळ सेगाच्या ड्रीमकास्टवर येणार म्हणून २००० पासून गाजावाजा झाला. त्यासाठी ‘ब्लू शिफ्ट’ नावाचा जादा भागही खास बनवला. तारखा पुढे ढकलल्या गेल्या, सेगाने २००१ च्या सुरुवातीला ड्रीमकास्टच बंद करण्याची घोषणा केली, आणि त्याच जूनमध्ये पोर्टही रद्द झाला. जवळजवळ पूर्ण झालेली आवृत्ती नंतर बाहेर फुटली. ती खेळून पाहणाऱ्यांना अडखळता वेग आणि भाग उघडताना लागणारा कंटाळवाणा वेळ दिसला. आणि ड्रीमकास्टच्या नावाने बांधलेला ‘ब्लू शिफ्ट’? तो शेवटी पीसीवर विकला गेला. वऱ्हाड निघालं, नवरदेव परत, आहेर मात्र माहेरीच वापरला.

‘हाफ-लाइफ’ बनवणाऱ्या व्हॉल्व कंपनीने मग धडा घेतला असावा. ‘हाफ-लाइफ २’ २००५ मध्ये ६४ एमबीच्या एक्सबॉक्सवर उतरवला तो स्वतः, पीसीवर किमान २५६ एमबी मागणारा खेळ. तिथे तो धापा टाकत का होईना, पण इभ्रतीने चालला. दोन वर्षांनी ‘ऑरेंज बॉक्स’ या संचात पाच खेळ एकत्र विकताना पीसी आणि एक्सबॉक्स ३६०च्या आवृत्त्या व्हॉल्वने स्वतः केल्या. प्लेस्टेशन ३ चं काम दिलं इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या ब्रिटनमधल्या मंडळींना. ही आवृत्ती दोन महिने उशिरा, डिसेंबर २००७ मध्ये आली आणि तिने वेगात मार खाल्ला. दोन्ही यंत्रांत मेमरी ५१२ एमबीच, पण एक्सबॉक्समध्ये ती एकत्र वापरता यायची. प्लेस्टेशनमध्ये तिचे २५६चे दोन वाटे घालून दिलेले, एकत्र कुटुंबातली चूल फुटल्यासारखे. त्यात सेल नावाचा प्रोसेसर, ज्याची ताकद वापरायची तर प्रोग्राम नव्या पद्धतीने लिहायला हवा. व्हॉल्वचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी त्या काळात प्लेस्टेशन ३ ला जाहीरपणे झोडपलं. २०१० मध्ये हेच गृहस्थ सोनीच्या व्यासपीठावर येऊन ‘पोर्टल २’ प्लेस्टेशन ३ वर आणण्याची घोषणा करून गेले.

काहींनी शहाणपणा केला तो नकार देण्याचा. ‘फार क्राय’ची बेटं आणि जंगलं पहिल्या एक्सबॉक्सला झेपणार नाहीत हे ओळखून युबिसॉफ्टने २००५ मध्ये त्याच कथाबीजावर ‘फार क्राय इन्स्टिंक्ट्स’ हा निराळा, अरुंद वाटांचा खेळ बनवून घेतला. ‘क्रायसिस’ तर २००७ मध्ये पीसीलाच जड गेलेला; तो कन्सोलवर यायला २०११ उजाडलं, नव्या इंजिनावर आणि एक अख्खा टप्पा गाळून.

बंगळूर या कथेत शिरतं ते १९९७ मध्ये. त्या वर्षी राजेश राव यांनी ध्रुव इंटरॅक्टिव्ह सुरू केली; भारतातली पहिली गेम कंपनी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. तिच्या सुरुवातीच्या मोठ्या कामांपैकी एक पोर्टचंच होतं, तेही उलट्या दिशेचं. इन्फोग्राम या फ्रेंच कंपनीसाठी ‘मिशन इम्पॉसिबल’ची पीसी आवृत्ती. बाजारात तो खेळ निन्टेन्डो ६४ आणि प्लेस्टेशन या दोन कन्सोलांवरच पोचला. ध्रुवचा जम बसला तो पुढे चित्रकामात. मायक्रोसॉफ्टच्या ‘फोर्झा’ या शर्यतींच्या खेळांतल्या कितीतरी गाड्या बंगळुरात घडल्या, नट-बोल्टापासून डॅशबोर्डच्या शिवणीपर्यंत. गुजरीत खऱ्या गाड्या सुट्या होत होत्या आणि त्याच शहरात, संगणकावर, दुसऱ्या गाड्या सुट्या भागांतून जोडल्या जात होत्या. या कारागिरांची नावं खेळाच्या शेवटी सरकणाऱ्या यादीत असतात, जी कुणी शेवटपर्यंत पाहत नाही.

डिसेंबर २०१६ मध्ये स्वीडनच्या स्टारब्रीझने ध्रुव विकत घेण्याचा करार जाहीर केला, सुमारे ८५ लाख डॉलरांचा. या स्टारब्रीझचा संसार ज्यावर चालत होता तो खेळ म्हणजे ‘पेडे २’, चौघांनी मिळून बँका लुटायचा २०१३ चा शूटर. पीसीवर त्याला सतत नवी भर मिळत राहिली आणि खेळ फुलत गेला. कन्सोलवाल्यांच्या हाती मात्र शिळी भाकरी. २०१५ मध्ये नव्या कन्सोलांसाठी ‘क्राइमवेव्ह’ नावाची आवृत्ती आली, तिच्यात चित्र मधूनच आडवं फाटायचं; नवे दरोडे पीसीवर आल्यावर कन्सोलवर यायला महिनोन्महिने लागायचे. २०१८ च्या फेब्रुवारीत निन्टेन्डो स्विचवर आलेली आवृत्ती तर जन्मतःच मागे पडलेली होती. इथला दोष मेमरीचा नव्हता. पीसीवर भर टाकायची तर कंपनी आज टाकू शकते. कन्सोलवर ती कन्सोलमालकाच्या तपासणीतून जावी लागते, आणि त्यासाठी माणसं वेगळी ठेवावी लागतात. ती ठेवली गेली नाहीत.

त्याच वर्षी नोव्हेंबरात स्टारब्रीझचा ‘ओव्हरकिल्स द वॉकिंग डेड’ पीसीवर आपटला, डिसेंबरात कंपनी पुनर्रचनेच्या कोर्टकज्ज्यात गेली, पुढच्या वर्षी त्या खेळाची कन्सोल आवृत्ती बारगळली. देणी भागवायला विकण्याजोग्या वस्तूंत ध्रुवही होती. मे २०१९ मध्ये ती सुमारे ७९ लाख डॉलरांना रॉकस्टार या गेम कंपनीकडे गेली आणि त्यांच्या बंगळूरच्याच शाखेत मिसळली. दूर स्टॉकहोममध्ये एक शूटर पडला आणि त्याचा हादरा बंगळूरच्या चित्रकारांच्या टेबलापर्यंत आला.

महाराष्ट्रातही या कामाची एक जखम आहे, जरी ती बंदूकबाजीची नसली. युबिसॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ २००८ पासूनचा, मुंबईतला २०१८ चा. या दोघांनी मिळून ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ नव्याने घडवायला घेतला. सप्टेंबर २०२० मध्ये पहिली झलक आली आणि जगभरच्या चाहत्यांनी चित्रांच्या दर्जावरून झोड उठवली. मे २०२२ मध्ये काम पुण्या-मुंबईहून काढून मॉन्ट्रियलला नेलं गेलं. आपल्याकडच्या स्टुडिओंना वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या ताटातले घास मिळाले होते. पहिलं मोठं ताट समोर आलं आणि ते असं उचललं गेलं, याची हळहळ या क्षेत्रातल्या मराठी पोरांच्या बोलण्यात अजून येते.

आता वळायचं ते अशा खेळाकडे, ज्याचं नाव शिवाजीनगरच्या भाजीवाल्यालाही सांगावं लागणार नाही. मार्च २०१७ मध्ये ‘पबजी’ पीसीवर आला, तोही अर्धा शिजलेला. शंभर माणसं विमानातून एका बेटावर उडी मारतात आणि एक उरेपर्यंत लढतात. पीसीवरही तो अडखळायचाच, पण लोक वेडे झाले होते. १२ डिसेंबर २०१७ ला तो एक्सबॉक्स वनवर आणला, ‘गेम प्रिव्ह्यू’ अशी पाटी लावून, म्हणजे तक्रार करायची सोय नाही. सेकंदाला तीस चित्रांचं लक्ष्य होतं. मोजणाऱ्यांनी मोजलं तर गर्दीच्या जागी ती विसाच्याही खाली घसरायची. खरी मौज उडी मारून उतरल्यावर. घरांचं पोत वेळेत भरलेलंच नसे. मऊ, गोळामोळा, पोरांनी ओल्या मातीची केल्यासारखी घरं, आणि त्यांत बंदूक शोधत फिरणारा खेळाडू. २०१३ च्या त्या यंत्राचा प्रोसेसर तेव्हाही जेमतेमच होता, आणि हार्डडिस्कवरून शहर ओढून आणायला लागणारा वेळ उडीच्या वेळेपेक्षा जास्त होता. ‘प्रिव्ह्यू’ची पाटी उतरायलाच पुढचे नऊ महिने गेले.

पण याच खेळाचं तिसरं रूप, कन्सोलपेक्षाही दुबळ्या यंत्रासाठी केलेलं, मार्च २०१८ मध्ये जगभर निघालं: मोबाइलवरचं. चीनच्या टेन्सेंट कंपनीच्या चमूने बेट तेच ठेवलं आणि बाकी सगळं फोनच्या मापाने पुन्हा बेतलं. चित्रांचा दर्जा फोन पाहून ठरायचा, वाटेतल्या वस्तू आपोआप उचलल्या जायच्या, नेमाला हात दिला जायचा, नवख्याला धीर यावा म्हणून माणसांच्या घोळक्यात संगणकाचे बाहुले सोडलेले असायचे. महागड्या कन्सोलवर जे अडलं ते दहा-बारा हजारांच्या फोनवर चाललं. जानेवारी २०१९ मध्ये विद्यार्थ्यांशी बोलताना पंतप्रधानांनी एका आईची तक्रार ऐकली आणि खेळाचं नाव तिने सांगायच्या आत स्वतःच घेतलं. २ सप्टेंबर २०२० ला इतर चिनी ॲपांबरोबर त्यावर बंदी आली, तेव्हा ‘पबजी’ची मालक असलेल्या कोरियाच्या क्राफ्टनने भारतापुरता वेगळा संसार मांडला, आणि कार्यालय थाटलं बंगळुरात. २ जुलै २०२१ ला ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ सुरू झाला. सायबर कॅफेतल्या पिढीला जो शूटर माउसशिवाय अशक्य वाटायचा, तो आता शिवाजीनगरच्या बसस्टँडवर, बसची वाट पाहत, दोन अंगठ्यांनी खेळला जातो.

कन्सोलवरची फजिती मात्र थांबली नाही. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ जुन्या प्लेस्टेशन ४ वर इतका कोलमडला की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि पुढच्या जूनपर्यंत परत घेतला नाही. खेळ आधी तीनदा पुढे ढकलला होता, चौथ्यांदा ढकलायची हिंमत झाली नाही. त्याच्या तीन वर्षं आधी टेक्ससच्या पॅनिक बटन या छोट्या कंपनीने २०१६ चा नवा ‘डूम’ निन्टेन्डो स्विचवर उतरवला होता, साठऐवजी तीस चित्रांवर, धूसर पण न अडखळणारा. त्यांनी काय गाळायचं ते आधी ठरवलं आणि मग काम केलं.

आणि तो रँडी लिंडन? २०२० मध्ये त्याने आपल्या सुपर निन्टेन्डो ‘डूम’चा कोड खुला केला. २०२४ मध्ये जाहीर झालं की जुन्या खेळांच्या नव्या प्रती काढणाऱ्या एका कंपनीसाठी तो तेच काम पुन्हा हाती घेतो आहे. कन्सोल तेच, १२८ केबीचं. कार्ट्रिजमध्ये नवी चिप, वेग वाढलेला, १९९५ साली गाळावे लागलेले नकाशे परत आलेले. या वेळी त्याला कुणी नाताळची तारीख दिलेली नव्हती.